चहावाल्या काकांना, जरा उशिरानेच

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात आणून दिलं असतं तर तुम्ही ते न वाचता वजनकाट्याखाली सरकवलं असतं आणि "पाव की अर्धा?" म्हणून विचारलं असतं. याआधी दोनदा आभार मानायला आले होते, दोन्ही वेळा पाव किलो ममरी, म्हणजे दाणेदार चहा, घेऊन परत गेले. म्हणून आता इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची सूनबाई वाचून दाखवेलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकांचा टी डेपो आहे. आत तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की चौथ्याने पायरीवर थांबायचं, एवढाच. पत्र्याचे मोठे डबे, खाकी पुड्या, पुडीला सुतळी. काका बोलायला तुटक, आणि चहात आलं घालणाऱ्यांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नाही. (मी घालते. आजही.)

सप्टेंबर २०२० मध्ये आमच्या घरात तिघं कोरोना पॉझिटिव्ह आलो: मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंचं वय तेव्हा ७८, पण सगळ्यांत आधी त्याच खडखडीत बऱ्या झाल्या. मजला सील झाला, दारावर कागद लागला, मुदत संपल्यावर तो निघालाही. तरी त्यानंतर दोन महिने आम्ही लिफ्टपाशी दिसलो की माणसं जिन्याने जायची. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत आले की समोरची खिडकी बंद व्हायची. एका वहिनींनी तर फोन करून सांगितलं, "दार जरा लावूनच ठेवत जा हं." वीस वर्षं आमच्यात डब्यांची देवाणघेवाण होती. भीती कुणाला नव्हती, मलाही होतीच. पण तो "हं" फार लागला.

त्यात माझा वास गेला. ताप उतरला, खोकला गेला, नाक मात्र परत आलं नाही. फोडणी करपली तरी धूर दिसेपर्यंत कळायचं नाही. एकदा गॅस नुसताच चालू राहिला, तो सासूबाईंनी बंद केला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. सकाळचा चहा म्हणजे गोड गरम पाणी. हे दुखणं सांगायची चोरी, कारण लोक जिवानिशी जात होते आणि मी वासाचं रडगाणं काय गाणार?

दिवाळी झाली आणि तुमच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं: "रविवार, सकाळी साडेसात. चहा चाखणे. फुकट. कप आपापला." कुणीतरी विचारलं, हे काय नवीन? तुम्ही म्हणालात, "नाशिकला द्राक्षाच्या मळ्यात वाइन चाखायला लोक गाड्या करून जातात, मग चहाने काय घोडं मारलंय?"

जागा तुमच्या दुकानामागच्या जुन्या इमारतीचं आवार, बदामाच्या झाडाखाली. जमिनीवर चुन्याने आखलेले दहा गोल, माणसंही दहाच. अकरावा आला तर पुढच्या रविवारी. कप विसरलेल्या एका साहेबांना तुम्ही सरळ घरी पाठवलंत, ते निमूटपणे जाऊन स्टीलचं फुलपात्र घेऊन आले. मी फाटकाबाहेरूनच बघणार होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "चार नंबर रिकामा आहे." नऊ माणसांनी मागे वळून पाहिलं. कुणी काही बोललं नाही, आणि मी चार नंबरात जाऊन उभी राहिले.

तुम्ही शिकवलेलं अजून पाठ आहे. १०० मिलीला २ ग्रॅम पत्ती, वर उकळतं पाणी, ६ मिनिटं झाकण. सीटीसी म्हणजे पान चिरडायचं, फाडायचं, गुंडाळायचं, म्हणून तो दाणेदार चहा पटकन उतरतो आणि दुधाला पुरून उरतो. दार्जिलिंगचं अख्खं पान दुधात घालणं म्हणजे तुमच्या मते गुन्हा. पहिल्या फेरीत साखर नाही, कारण "साखर घातली की रद्दी चहासुद्धा साळसूद वाटतो." त्या वर्षी पावडर एवढी का महागली हेही तिथेच कळलं: मार्चअखेर लॉकडाऊन लागला तो नेमका पहिल्या खुडणीच्या दिवसांत. बागा बंद, दोन पानं आणि कोंब खुडायला हात नाहीत. झुडपं वाढत राहिली, पानं निबर झाली आणि शेवटी छाटून टाकावी लागली. दर वाढले म्हणून इतके महिने आम्ही तुमच्याशीच हुज्जत घालत होतो!

आणि तो भुरका. चहा पारखणारे लोक मोठ्याने आवाज करत चहा ओढतात, म्हणजे घोटात हवा मिसळते आणि वास घशाकडून नाकात चढतो. मग ते चहा थुंकून टाकतात. थुंकण्याचा त्या दिवसांत प्रश्नच नव्हता, त्यामुळे तुमचा नियम: अर्धी बशी, आणि गिळायचं. भुरक्याचे तुषार समोरच्यावर नकोत म्हणून सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. पहाटेचा फेरफटका संपवून तलावपाळीवरून परतणारी माणसं फाटकाशी थबकायची, कारण आत दहाजण कंपाऊंडच्या भिंतीकडे तोंड करून जोरजोरात भुरके मारत असायचे. दुसऱ्या रविवारी सासूबाईंना घेऊन आले. बशीतून चहा ओढताना आवाज करू नको, असं त्यांचा मुलगा त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलाय. तुम्ही म्हणालात, "आजींचा भुरका बघा सगळ्यांनी. असा पाहिजे." घरी गेल्यावर त्यांनी ह्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेवढ्यासाठीसुद्धा मी तुमची ऋणी आहे.

माझ्या नाकात मात्र काहीच चढत नव्हतं. बाकीचे म्हणायचे, गवतासारखा, मनुकांसारखा, भाजल्या शेंगदाण्यासारखा. मी मान डोलवायची. तिसऱ्या रविवारी तुम्ही मला धरलंत. सगळे गेल्यावर, मास्कच्या आतून, हळूच: "वास गेलाय ना?" मी हो म्हटलं. तुम्ही "अरेरे" म्हणाला नाहीत. "होईल सगळं ठीक" हेही नाही. म्हणालात, "तुरटपणा कळतो का बघा. तुरटपणा म्हणजे वास नाही. जिभेवर, गालाच्या आत ओढल्यासारखं होतं, तो स्पर्श आहे. तो गेला नसेल."

गेला नव्हता! आसामचा कडक कोरा चहा तोंडात घेतला आणि गालफडं आत ओढली गेली. मग त्यातच चमचाभर दूध घालून दिलंत, तर तीच ओढ सैल पडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोन घोटांतला फरक मला कळला होता. घरी जाऊन रडले, ते तुम्हाला सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारपासून तुम्ही जाहीर केलंत, "तुरटपणाचा निकाल चार नंबर देणार." दहा गोलांतली माणसं माझ्याकडे बघून थांबायची. शेजारच्या पाच नंबरात त्याच वहिनी होत्या. एकदा त्यांनी बशी पुढे धरून विचारलं, "अगं, हा जास्त ओढतोय का गं?" इतक्या दिवसांत त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं ते. मी म्हटलं, कमी ओढतोय, निलगिरीच्या डोंगरांतला चहा असेल. निलगिरीचाच निघाला. तो फोन मी अजून विसरलेले नाही, खोटं कशाला बोलू. पण डबे पुन्हा सुरू झालेत.

मार्चमध्ये नाक परत यायला लागलं, तेही वाकडंतिकडं. कांदा परतला की जळकं रबर, कॉफी म्हणजे डांबर. मी घाबरले होते, नाकावर भरवसा उरला नव्हता. त्या रविवारी तुम्ही नवीन पेटीतली डस्ट, म्हणजे चहाची बारीक भुकटी, ठेवली होती. सगळे म्हणाले छान आहे. मला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. म्हणावं की नको, असं करत शेवटी म्हटलं, वर "माझं नाक बिघडलंय, सोडून द्या" असंही म्हटलं. तुम्ही चिमूटभर भुकटी तळहातावर घेतलीत, त्यावर तोंडाची वाफ सोडलीत, हुंगलीत. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "ओल लागलीय पेटीला. चहा ओल धरतो. ही परत जाणार."

काका, तुम्ही खरं बोललात की माझी समजूत काढलीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाकीच्या नऊजणांना काही जाणवलं नव्हतं. पण ती पेटी दुकानात पुन्हा दिसली नाही, आणि एका पेटीचा तोटा म्हणजे किती, हे तुमच्याच शिकवणीमुळे मला थोडंफार कळतं.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, फळा पुसला गेला. नंतर चाखणं पुन्हा कधी झालं नाही, आणि तुम्हीही विषय काढत नाही. चुन्याचे गोल दोन पावसाळ्यांत धुऊन गेले. चौथा कुठे होता ते मला अजून दाखवता येईल, झाडाच्या बुंध्यापासून चार पावलं.

येत्या रविवारी सासूबाई आणि मी साडेसातला आवाराच्या फाटकाशी येतो आहोत. तुम्ही दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं या. पत्ती आम्ही आणू, तुमच्याच डब्यातली. ६ मिनिटं मी मोजीन. आल्याचा तुकडा पर्समध्ये असेल, पण तुम्ही असेपर्यंत बाहेर काढणार नाही.

कप आपापला.

तुमची,
चार नंबर