भिंतीवरच्या मोहोळासाठी आभार

महाबळेश्वर तालुक्यातील आमच्या गावच्या समाजमंदिराच्या भिंतीवर कमी होत चाललेल्या मधमाश्यांचे चित्र अखेर पूर्ण झाले, याचे श्रेय ज्यांनी आपली नावे लिहू दिली नाहीत त्यांना आहे. पहिल्या आराखड्यात मी आग्या माश्या लाकडी पेटीतून बाहेर पडताना दाखवल्या होत्या. आयुष्यभर मध काढलेल्या एका आजोबांनी हसत सांगितले, की आग्या उंच फांदीला किंवा कड्याला एकच उघडे पोळे बांधते, पेटीत रमते ती अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी. ती चूक राहिली असती, तर जाणत्यांनी चित्राकडे पुन्हा पाहिलेही नसते.

कित्येक वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचा रंग जुळावा म्हणून जपून ठेवलेली छायाचित्रे देणाऱ्या ताईंचा आणि ‘पीक फुलोऱ्यात असताना फवारणी नको’ ही ओळ सुचवणाऱ्या शेतकरीदादांचा मी ऋणी आहे. शिडी देणाऱ्या रंगाऱ्यांनी मोबदला घेतला नाही (चहा मात्र मोजून घेतला).

मशालीने जाळलेले मोहोळ चित्रातून काढावे, असे काहींचे म्हणणे होते. पूर्वी आपणही तसेच मध काढल्याचे सांगून ‘ते राहू द्या’ म्हणणाऱ्या त्याच आजोबांना माझा विशेष नमस्कार.