आधी शिल्प, मग चित्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. शिल्पकाराची रेखाटनं म्हणजे शिल्पाचा कच्चा आराखडा, त्यांना वेगळी किंमत ती काय, हे तुझं म्हणणं काही माझ्या पचनी पडत नाही. रिचर्ड सेराचंच बघ ना. हा अमेरिकन शिल्पकार २०२४ मध्ये गेला. शिल्पाआधी तो चित्र काढायच्या भानगडीत पडायचा नाही. जुळवाजुळव करायची ती छोट्या प्रतिकृती मांडून. पोलादाचे अवाढव्य पत्रे जागेवर उभे राहिले की मग वही हातात घ्यायची आणि आपणच केलेल्या कामाभोवती फिरत, कड कुठे कलते, कुठे अंगावर येते, ते टिपत राहायचं.

मोठ्या चित्रांची तर तऱ्हाच न्यारी. पेंटस्टिक म्हणजे तेल, मेण आणि रंग यांची कांडी. अशा कित्येक कांड्या वितळवून तो त्यांची वीट पाडायचा आणि ती दोन्ही हातांनी कागदावर रगडायचा. रंग बहुतेक वेळा एकच, काळा. थरावर थर चढून कागद डांबरी रस्त्यासारखा खरबरीत होतो. काळा रंग वजनाला जड, असं तो म्हणायचा. १९७४ पासून काळ्या कॅनव्हासचे प्रचंड तुकडे तो थेट भिंतीवर ठोकू लागला, चौकट वगैरे काही नाही. अख्ख्या खोलीचा तोल त्या बाजूला झुकतो. आता याला चित्र म्हणायचं की शिल्प, तूच सांग.

तोल हा त्याचा जुनाच नाद. १९६९ मध्ये शिशाचे चार चौरस पत्रे, एकेक सव्वादोनशे किलोच्या आसपास, त्यानं नुसते एकमेकांना टेकवून उभे केले. जोडकाम नाही, खिळा नाही. नावातच ‘पत्त्यांचा बंगला’ आहे.

न्यूयॉर्कच्या चौकातल्या ‘टिल्टेड आर्क’चं प्रकरण तुला ठाऊक असेलच. १९८१ मध्ये उभारलेली ३६ मीटर लांबीची पोलादी भिंत, रस्ता अडतो म्हणून ओरड झाली, सरकारशी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९८९ मध्ये ती कापून हलवली. (रोज वळसा घालून कामावर जाणाऱ्यांचा वैताग मला समजतो, खोटं कशाला बोलू?) त्याच वर्षी त्यानं काळीकुट्ट, जडशीळ चित्रं केली. एकाचं नावच मुळी अमेरिकेची न्यायालयं सरकारची बाजू घेतात, अशा अर्थाचं. शिल्प चौकातून गेलं, तरी चित्र त्याच्या मागूनच आलं!

तुझं ते मातीतलं डोकं पुरं झालं की एकदा त्याची चित्रं काढ. समोरून नको, मानेच्या मागून. आणि मला पाठव, वाट बघतो.

तुझा,
अनिरुद्ध