ड्रॅग शर्यतीत टॅकोमीटरच्या काट्यावर किती विसंबावे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत ड्रॅग शर्यतीत उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी जे मार्गदर्शन आले, त्यात टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या (आरपीएम) दाखवणाऱ्या मीटरचा, काटा लाल पट्ट्याला टेकताच वरचा गिअर टाकावा, असा सल्ला होता. पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची ही सरळ रेषेतली शर्यत सेकंदाच्या शतांशावर जिंकली किंवा हरली जाते. अशा शर्यतीसाठी हा सल्ला दोन कारणांनी अपुरा आहे. गिअर बदलण्याची योग्य जागा लाल पट्टा ठरवत नाही, आणि ती जागा ठाऊक असली तरी वेगाने चढणाऱ्या इंजिनाचे खरे आरपीएम काटा त्या क्षणी दाखवत नाही.

लाल पट्टा ही इंजिनाच्या सहनशक्तीची सीमा आहे. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यावर त्यांच्याच वस्तुमानामुळे येणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आरपीएम 10 टक्क्यांनी चढले की हा ताण 21 टक्क्यांनी चढतो. त्या सीमेचा आदर केलाच पाहिजे, पण गिअर कोठे बदलावा हा प्रश्न मागच्या चाकाशी किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पोहोचतो याचा आहे. चालू गिअरमध्ये चाकाला मिळणारा टॉर्क घटत घटत ज्या क्षणी पुढच्या गिअरमध्ये मिळू शकणाऱ्या टॉर्कइतका होतो, तोच क्षण योग्य. आपल्या चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम 390 ड्यूकचे उदाहरण घेऊ. तिचे 373 सीसीचे जे इंजिन अनेक वर्षे बाजारात होते, त्याची जाहीर शक्ती 9,000 आरपीएमला 43.5 पीएस आणि टॉर्क 7,000 आरपीएमला 37 न्यूटन-मीटर होता. टॉर्क सर्वाधिक असतो तेथेच गिअर बदलावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण 7,000 ला या इंजिनाची शक्ती हिशेबाने सुमारे 37 पीएस भरते, आणि 9,000 ला टॉर्क 34 न्यूटन-मीटरच्या आसपास उतरलेला असूनही शक्ती बरीच जास्त असते. आता पुढच्या गिअरचे गुणोत्तर आधीच्या 80 टक्के आहे असे धरू. 9,000 ला गिअर बदलला तर आरपीएम 7,200 वर येईल आणि तेथे इंजिनाने पूर्ण 37 न्यूटन-मीटर दिले तरी चाकाच्या दृष्टीने ते 29.6 इतकेच ठरतील. खालच्याच गिअरमध्ये राहिलो तर 34 मिळत आहेत, तेव्हा तेथे गिअर बदलणे म्हणजे हातातला जोर सोडून देणे होय. म्हणून या इंजिनात कमाल शक्तीचा आकडा ओलांडून पुढे जावे लागते. किती पुढे, हे डायनोवर, म्हणजे इंजिनाची शक्ती व टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर, काढलेला आलेख आणि गिअरची गुणोत्तरे शेजारी ठेवूनच ठरते आणि प्रत्येक गिअरसाठी उत्तर थोडे वेगळे येते. टर्बो डिझेल गाड्यांत नेमके उलट घडते. लाल पट्ट्याच्या बऱ्याच आधी त्यांची शक्ती ओसरू लागते, त्यामुळे तेथे पट्ट्यापर्यंत वाट पाहणाऱ्याचा वेळ वाया जातो.

आता काट्याकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या 39व्या वाहन-नियमावलीत स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये आणि जास्त दाखवला तरी किती, याची मर्यादा घातलेली आहे. त्या नियमावलीत टॅकोमीटरचा समावेश नाही. गाडी उभी असताना एकाच आरपीएमवर धरून तपासलेला टॅकोमीटर अचूक निघाला, म्हणजे तो शर्यतीतही अचूक असेल असे नाही. काट्याला स्वतःचे जडत्व असते, तो थरथरू नये म्हणून त्याची हालचाल मुद्दाम मंद केलेली असते, आणि डिजिटल पडद्यावरचे आकडे वा पट्ट्या ठरावीक अंतरानेच बदलतात. समजा, पहिल्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला 4,000 ने चढत आहे आणि काटा सेकंदाचा दहावा भाग मागे आहे, तर तो 400 ने कमी दाखवेल. वरच्या गिअरमध्ये चढण्याचा वेग सेकंदाला 800 वर आला, तर तोच उशीर 80 चीच चूक करेल. म्हणजे एकाच मीटरची चूक प्रत्येक गिअरमध्ये वेगळी असते, आणि काहीतरी एकच आकडा वजा करून ती दुरुस्त होत नाही. ज्यांच्या गाडीला ठरलेल्या आरपीएमच्या वर इंजिन जाऊ न देणारा इलेक्ट्रॉनिक लिमिटर आहे त्यांना बंदिस्त धावपट्टीवर हे सहज पडताळता येते. लिमिटर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरवर चालतो, काट्यावर नाही. म्हणून तो पहिल्या गिअरमध्ये लागतो तेव्हा काटा जो आकडा दाखवतो, त्याहून मोठा आकडा वरच्या गिअरमध्ये दिसतो.

यात माणसाची भर वेगळीच पडते. गिअर बदलण्याची खूण देणारा दिवा, म्हणजे शिफ्ट लाइट, पेटलेला पाहून हात किंवा पाय हलेपर्यंत सरावलेल्या चालकालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो असे धरले, तर वरच्याच हिशेबाने पहिल्या गिअरमध्ये तेवढ्या वेळात 800 आणि वरच्या गिअरमध्ये 160 आरपीएम निघून जातात. शिफ्ट लाइट प्रत्येक गिअरसाठी निरनिराळ्या आकड्यावर लावता येणारी असावी, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच. अमेरिकेतील एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेने 2016 पासून प्रो स्टॉक वर्गातील मोटारींना इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणाली आणि 10,500 आरपीएमची कमाल मर्यादा सक्तीची केली. मर्यादेला धडकणे म्हणजे वेळ गमावणे आणि तिच्या फार आधी गिअर टाकणे म्हणजेही वेळ गमावणे, त्यामुळे अशा वर्गात ही मोजणी अधिकच काटेकोर करावी लागते.

बाहेरून बसवलेल्या मीटरची चूक मात्र बहुधा जोडणीतच असते. चार-स्ट्रोक इंजिनात वितरकाला (डिस्ट्रिब्यूटरला) ठिणगीसाठी एकच कॉइल असेल तर क्रँकच्या एका फेरीत चार सिलिंडरला दोन आणि आठ सिलिंडरला चार ठिणग्या पडतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत एकाच कॉइलची तार मीटरला दिली, किंवा मीटरवरचा सिलिंडरचा खटका चुकीच्या जागी राहिला, तर आकडा पाव, निम्मा किंवा दुप्पटही येऊ शकतो. एवढी मोठी चूक निदान लगेच कळते.

लहान चूक शोधण्यासाठी महागडे उपकरण हवेच असे नाही. क्रँकच्या पुलीवर चमकदार पट्टी चिकटवून प्रकाशावर चालणाऱ्या हातातल्या टॅकोमीटरने मोजता येते. त्याहून स्वस्त साधन म्हणजे जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी ट्यूबलाइट. आपला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने ती सेकंदाला 100 वेळा उजळते. पुलीवर खडूने एक खूण केली तर 1,500 आरपीएमला चार, 3,000 ला दोन आणि 6,000 ला एक खूण स्थिर उभी राहिलेली दिसते. पुरवठ्याची वारंवारता 50 च्या अगदी जवळ राखली जाते, त्यामुळे ही मोजणी बहुतेक काट्यांपेक्षा भरवशाची असते. मात्र पुली थांबल्यासारखी दिसत असली तरी ती पूर्ण वेगात फिरत असते, हे क्षणभरही विसरता कामा नये आणि हात, कपडे, ओढणी दूर ठेवलेच पाहिजेत.

नेमक्या आकड्याहून सातत्य जास्त मोलाचे, हेही सांगितले पाहिजे. जो मीटर नेहमीच 200 ने जास्त दाखवतो त्याच्याशी जुळवून घेता येते, पण आज एक आणि उद्या दुसरे दाखवणाऱ्या मीटरवर कोणताही सराव उभा राहत नाही. ब्रॅकेट शर्यतीत स्वतः आधी जाहीर केलेल्या वेळेच्या जवळ राहायचे असते, आणि तेथे तर प्रत्येक वेळी त्याच जागी गिअर पडणे हेच सगळे असते.

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत आणि त्यांत उतरणारी अनेक मुले आपल्याच भागातील गॅरेजमध्ये गाडी तयार करून घेतात. आयोजकांना माझी विनंती आहे की, हेल्मेट, ब्रेक आणि टायर तपासले जातात त्याच टेबलाजवळ आरपीएम पडताळण्याची सोय करावी, आणि स्पर्धकाला द्यायच्या वेळेच्या चिठ्ठीत शेवटच्या आकड्याबरोबर 60 फूट, 330 फूट आणि 660 फूट या टप्प्यांच्या वेळाही छापाव्यात. गिअर बदलण्याच्या जागेत 200 आरपीएमचा फरक केल्याने कोणत्या टप्प्यात काय मिळाले वा गेले, हे त्याशिवाय कळत नाही. आपल्या पुरवणीनेही गाड्यांच्या परीक्षणात शक्ती व टॉर्कचा सर्वाधिक आकडा देऊन न थांबता, शक्य तेव्हा पूर्ण आलेख आणि गिअरची गुणोत्तरे छापावीत. हा हिशेब मुलांनी रस्त्यावर करून पाहण्याऐवजी कागदावर करावा, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी लागणारे आकडे त्यांना मराठीत कोठे तरी मिळायला हवेत.

आपला नम्र,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे