थिबा पॉइंटवरच्या माळीदादांना

माळीदादा, सप्रेम नमस्कार.

"नाव कशाला ओ ताई," असं तुम्हीच म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली, सोबत वाचाही. समजतं सगळं. तरी कुठेही न्या, लोक माझ्याकडे बघून विचारतात, "यांना कळतं का?" हयातीच्या दाखल्यासाठी नेलं, तिथल्या साहेबांनी त्यांच्याकडे मान न वळवताच सांगितलं, "पेशंटला बाहेर बसवा." हयात माणूस समोर बसला होता! त्या वेळचा बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

तुम्ही पाण्याचा पाइप खाली टाकलात, हात पुसलेत, व्हीलचेअरपुढे उकिडवे बसलात आणि बाबांनाच विचारलंत, "काका, तोंड कुठं करू? खाडीकडं की समुद्राकडं?" आणि थांबलात. मी मध्ये बोलणार, तर हातानेच मला गप्प केलंत. बाबांचा डावा हात सावकाश वर आला, भाट्याच्या पुलावरून सरकत समुद्राकडे गेला. "समुद्राकडं! बरं." तुम्ही खुर्ची वळवून चाकाला जांभ्याचा तुकडा लावलात.

बाबा इतिहासाचे मास्तर. राजवाडा दाखवून झाला की पोरांना इथेच आणायचे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. वाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. जेमतेम सहा वर्षं मिळाली त्याला त्या वाड्यात. आणि याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली धाडलं कुठे? मंडालेला! इथे आले की बाबांचा आवाज हमखास चढायचा.

त्या दिवशी समुद्राकडे बघता बघता त्यांचे ओठ हलले. "मं... मंडा..." मला क्षणभर उमगलंच नाही. तुम्हाला उमगलं. "होय काका, मंडाले. थिबाराजाचं गाव." बाबा हसले हो, दादा! किती महिन्यांनी हसले.

समोरच्याला माणूस समजून विचारायला ना पैसा लागतो ना हुद्दा, पण ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांना हे जमलं नाही. तुम्हाला जमलं, तेही हातातलं काम टाकून.

पाऊस सरला की बाबांना पुन्हा आणते. आई पण येणार आहे. तुमच्यासाठी घावणे करून आणायचं म्हणतेय, नको म्हणू नका.

तुमची,
मास्तरांची मुलगी