प्रादो संग्रहालयातील स्पॅनिश मार्गदर्शित फेरीबाबत सूचना

स्पॅनिश अभ्यासगटाच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, माद्रिदमधील प्रादो या राष्ट्रीय कलासंग्रहालयाची आपली फेरी येत्या गुरुवारी सकाळी १० वाजता सुरू होईल. संपूर्ण निवेदन स्पॅनिशमध्येच असेल आणि मध्ये मराठीत भाषांतर करून सांगितले जाणार नाही. सर्वांनी ९.३० वाजता संग्रहालयासमोरील चित्रकार वेलाझ्केझच्या पुतळ्यापाशी जमावे.

वेलाझ्केझचे १६५६ मधील 'लास मेनिनास' हे चित्र, चित्रकार बॉशचे तीन फलकांचे लाकडावरील चित्र आणि चित्रकार गोयाची 'काळी चित्रे' आपण पाहणार आहोत. ही १४ चित्रे गोयाने स्वतःच्या घराच्या भिंतींवर रंगविली होती व ती नंतर कॅनव्हासवर उतरविण्यात आली, एवढे आधी ठाऊक असल्यास त्या दालनातील वेगवान निवेदन समजणे सोपे जाईल.

कृपया लक्षात ठेवावे :

• क्वाद्रो (चित्र), रेत्रातो (व्यक्तिचित्र), ओलेओ (तैलरंग) आणि लिएन्थो (कॅनव्हास) हे शब्द पाठ करून यावेत. माद्रिदमध्ये शेवटच्या शब्दातील उच्चार 'थ' असाच ऐकू येतो. आपल्यापैकी अनेकांना 'स'ची सवय आहे.
• दालनांमध्ये छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, भ्रमणध्वनीनेसुद्धा.
• मोठ्या पिशव्या व छत्र्या सामानकक्षात ठेवाव्यात.
• प्रश्न स्पॅनिशमध्येच विचारावेत. व्याकरण चुकले तरी चालेल, मात्र मार्गदर्शक बोलत असताना आपापसांत अर्थ विचारू नयेत, कारण त्यामुळे शेजाऱ्याचेही पुढचे वाक्य हुकते.

येणे शक्य नसल्यास मंगळवारपर्यंत गटप्रमुखांना कळवावे.