मिनिएचर गॅलरीतल्या काकांना, आईकडून आणि माझ्याकडून

काका, नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही. पण वाचलंत तर लगेच कळेल की हे तुम्हालाच आहे.

आईला घेऊन तुमच्या गॅलरीत मिनिएचर, म्हणजे जुनी लघुचित्रं, बघायला आलो होतो ना, त्या आम्ही दोघी. याआधी एका ठिकाणी आईने काचेजवळ मान नेली तर ‘ओ मावशी, मागे व्हा’ म्हणून तिच्यावर खेकसले होते, आणि दुसरीकडच्या गाईडने तर ‘सगळी राधाकृष्णाचीच आहेत, चला पुढे’ म्हणत अख्खी भिंत उरकली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली बाई, वीतभर चित्रातलं तिला लांबून काय दिसणार? अजून आठवलं की डोकं फिरतं.

तुम्ही खिशातलं स्वतःचं भिंग काढून तिच्या हातात दिलंत आणि म्हणालात, सावकाश बघा, ही चित्रं भिंतीवर टांगायला काढलीच नव्हती, हातात धरून जवळून बघायची होती. त्या एका भिंगासाठी हे पत्र लिहितेय.

मग जम्मूकडच्या बसोहली शैलीच्या चित्रातला तो भडक पिवळा, ते मोठ्ठे डोळे, आणि नायिकेच्या दागिन्यातले पाचू म्हणजे नुसता हिरवा रंग नाही तर भुंगेऱ्याच्या पंखाचे खरे तुकडे चिकटवलेत हे तुम्ही सांगितलंत, जरा बाजूला सरकून तिरकं बघा म्हणालात आणि ते चमकले तशी आई चक्क ओरडलीच! शेजारी हिमाचलातल्या कांगड्याचं चित्र, तिथल्या राजा संसारचंदच्या काळातलं, तिथे रंग एकदम मवाळ, झाडं बहरलेली. त्यातल्या नायिकेकडे बघून आई म्हणाली, ही रुसलीय, तो रात्रभर दुसरीकडे होता ना. जन्मभर भजनी मंडळात गवळणी म्हणणारी ती, तिला कोण शिकवणार! तुम्ही हसून म्हणालात, अगदी बरोबर, हिला खंडिता म्हणतात, आणि पुढच्या चित्रात काय चाललंय ते आता तुम्हीच मला सांगा.

आईला असं कुणी विचारलेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं. माहिती पुष्कळांकडे असते हो, पण समोरच्याला लहान न करता ती देणारी माणसं फार थोडी, आणि ती बहुतेक अशीच कुठेतरी कोपऱ्यात उभी असतात.

तुम्ही जाता जाता नगरच्या हुसेन निजामशहाच्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या सचित्र पोथीबद्दल बोललात, १५६५ च्या सुमाराची, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे ती. आईने आता तेच धरलंय. तिला ती बघायला मिळावी म्हणून कुणाला भेटायचं, तेवढं सांगाल का?