पॉइंट्सची किंमत बिलावर रुपयांत छापावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

महिन्याचे वाणसामान भरताना दुकानाचे पॉइंट्स आणि क्रेडिट कार्डाचे कॅशबॅक (खर्चाचा परत मिळणारा काही भाग) असा दुहेरी लाभ घ्यावा, हा सल्ला हल्ली घरोघरी ऐकू येतो. मी निवृत्त गणित शिक्षिका असून घरखर्चाची वही गेली अनेक वर्षे स्वतः लिहिते. त्यामुळे हा सल्ला नुसता ऐकून सोडून न देता मी सलग एक वर्ष पाळून पाहिला आणि प्रत्येक बिलाची नोंद ठेवली. हा लाभ खरा आहे. मात्र तो नेमका किती आहे हे ग्राहकाला कुठेही सरळ रुपयांत लिहून मिळत नाही, आणि माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

आमच्या दोघांच्या घरात महिन्याला साधारण ९,००० रुपयांचे सामान येते. ज्या साखळी दुकानातून मी ते घेते, तिथे १०० रुपयांमागे १ पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटचे ६० पैसे होतात. म्हणजे महिन्याचे ९० पॉइंट्स, रुपयांत ५४. कार्डावर दुकानातील खरेदीसाठी १ टक्का कॅशबॅक, म्हणजे ९० रुपये. दोन्ही मिळून १४४ रुपये, वर्षाचे १,७२८. त्यातून कार्डाची ४९९ रुपये वार्षिक फी आणि तिच्यावरील १८ टक्के जीएसटी वजा केला की हाती उरतात सुमारे १,१४० रुपये. वर्षभरात ठरावीक खर्च झाला तर ही फी माफ होते, परंतु आमचा खर्च तिथवर पोहोचत नाही. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला १,१४० रुपये नगण्य नाहीत, आणि ते मिळवण्यात काही गैर आहे असेही मला वाटत नाही. पण एका पॉइंटचे ६० पैसे होतात, एवढी साधी गोष्ट समजायला मला काउंटरवर तीन वेळा विचारावे लागले. बिलाच्या तळाशी फक्त ‘एकूण पॉइंट्स’ आणि पुढे एक आकडा असतो. हा आकडा रुपयांचाच आहे असे समजणारे कितीतरी लोक मला त्या रांगेत भेटले.

गेल्या दिवाळीच्या खरेदीसाठी मी पॉइंट्स साठवले होते. बिलावर २,३५० हा आकडा मी स्वतः पाहिला होता. रवा, मैदा, तेल, सुकामेवा अशी ट्रॉली भरून काउंटरवर गेले, तेव्हा कॅशियर मुलीने संगणकात पाहून सांगितले की त्यातील १,१५० पॉइंट्सची मुदत आदल्याच महिन्यात संपली आहे आणि उरलेल्यांपैकी एका बिलात ५०० पेक्षा जास्त वापरता येत नाहीत. मुदतीचा संदेश मोबाइलवर आला होता खरा, पण जाहिरातींच्या ढिगात तो माझ्या नजरेस पडला नाही. गेलेल्या पॉइंट्सची किंमत ६९० रुपये होते. मी त्या मुलीशी वाद घातला नाही, कारण नियम तिने केलेले नव्हते. पण जी रक्कम माझ्या नावावर छापून दाखवली जाते, ती कधी नाहीशी होणार हे त्याच कागदावर का छापले जात नाही, याचे उत्तर मला दुकानाच्या व्यवस्थापकांकडूनही मिळाले नाही.

कार्डाच्या बाजूने अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. कॅशबॅक आपण काय विकत घेतले यावर ठरत नाही. दुकानातील कार्डाच्या यंत्राला जो चार आकडी वर्गक्रमांक दिलेला असतो, त्यावर ठरते. किराणा आणि सुपरमार्केटसाठी ५४११, तर डिपार्टमेंट स्टोअरसाठी ५३११ हा क्रमांक असतो. एकाच कंपनीचे तांदूळ आणि तीच तूरडाळ दोन दुकानांतून घेतली, तर किराण्याला जादा कॅशबॅक देणाऱ्या कार्डावर एकीकडे ते जमा होते आणि दुसरीकडे होत नाही. ग्राहकाला हा क्रमांक यंत्रावरही दिसत नाही आणि पावतीवरही नाही. महिन्याच्या शेवटी स्टेटमेंट आल्यावरच काय ते कळते. ‘कॅशबॅक’ हा शब्दही प्रत्येक ठिकाणी रोख पैसे या अर्थाने येत नाही. काही कार्डांचे कॅशबॅक स्टेटमेंटमध्ये वळते होते, तर काहींचे त्याच कंपनीच्या ॲपमधील पाकिटात (वॉलेटमध्ये) जाते आणि तिथेच खर्चावे लागते.

ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के देणारी कार्डे आहेत, मग दुकानात १ टक्क्यावर समाधान का मानायचे, असे माझा मुलगा विचारतो. २०२२ साली आलेल्या एसबीआय कार्डाच्या कॅशबॅक कार्डाने असाच भेद ठेवला होता : ऑनलाइन ५ टक्के आणि दुकानात १ टक्का. हा प्रश्न रास्त आहे. पण १६० रुपये किलोच्या तूरडाळीवर ५ टक्के म्हणजे ८ रुपये होतात. ॲपवर तीच डाळ ८ रुपयांनी महाग असेल, तर लाभ तिथेच संपला, आणि घरपोच आणण्याचे शुल्क वेगळे. म्हणून आधी भाव पाहावा, मग पॉइंट्स आणि सर्वांत शेवटी कार्ड, हा क्रम मी वर्षभराच्या नोंदींवरून ठरवला आहे. पॉइंट्सचा मोह अजिबात न दाखवता छापील किमतीपेक्षा कमी भावात माल देणारा डीमार्ट रांगा लावून चालतो, याचेही कारण मला हेच दिसते. आणखी एक अनुभवाची गोष्ट अशी की पॉइंट्स दिवाळीसाठी साठवून ठेवू नयेत. त्यांच्यावर व्याज मिळत नाही, त्यांची किंमत दुकानदार केव्हाही बदलू शकतो, आणि दुकानच बंद पडले तर दाद मागणे अवघड होऊन बसते. २०२२ साली बिग बझारची दुकाने बंद झाली, तेव्हा लोकांना याची पुरेशी कल्पना आली असेल. ज्या महिन्यात पॉइंट्स जमले, त्याच्या पुढच्याच महिन्यात ते वापरावेत. त्यामुळे कार्डाने भरायची रक्कम कमी होऊन कॅशबॅक महिन्याला पन्नास-साठ पैशांनी घटते, पण मुदत संपून शेकडो रुपये जाण्यापेक्षा ते बरे.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते, ती लिहिते. आमच्या इमारतीतील एका तरुण जोडप्याचे एका महिन्याचे कार्डाचे बिल १८,००० रुपये झाले. पगार लांबल्यामुळे त्यांनी ‘मिनिमम ड्यू’ (किमान भरायची रक्कम) म्हणून दाखवलेले ९०० रुपये भरले आणि महिना निभावला असे ते समजले. उरलेल्या १७,१०० रुपयांवर महिना पावणेचार टक्के दराने ६४१ रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी, म्हणजे साडेसातशेच्या वर रक्कम एका महिन्यात गेली. शिवाय बाकी थकलेली असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे त्यांना पुढच्या स्टेटमेंटवरून कळले. त्या १८,००० रुपयांवर पॉइंट्स आणि कॅशबॅक मिळून त्यांच्या पदरात २८८ रुपये पडले होते. हा व्याजदर वर्षाला ४५ टक्के होतो. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केल्यामुळे व्याजावर तशी मर्यादाही आता नाही. ज्याला दर महिन्याला पूर्ण बिल मुदतीत भरणे जमत नाही, त्याने कॅशबॅकसाठी कार्ड वापरू नये असे मी कळकळीने सांगेन. अशा घराला यूपीआयने किंवा रोखीने घेतलेले सामानच स्वस्त पडते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांमुळे, केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड किती लांबते, याचा इशारा स्टेटमेंटवर द्यावा लागतो. तसेच ग्राहकाने कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद न केल्यास दिवसाला ५०० रुपये दंड बसतो. पाकीटबंद मालावर ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमत छापण्याचा नियमही आता आहे, आणि माझ्यासारख्या अनेक गृहिणी ती वाचून पाकिटांची तुलना करतात. जे साखरेच्या आणि साबणाच्या बाबतीत शक्य झाले, ते पॉइंट्सच्या बाबतीत अशक्य असण्याचे कारण नाही. टाटा समूहाने आपल्या योजनेत एक न्यूकॉइन (त्यांचा पॉइंट) म्हणजे एक रुपया असे सरळ प्रमाण ठेवले आहे. सर्वांनी तसेच ठेवावे असा माझा आग्रह नाही, पण जे प्रमाण असेल ते बिलावर लिहावे.

म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने साखळी दुकानांना आणि रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकांना असे बंधन घालावे की प्रत्येक बिलावर व स्टेटमेंटवर शिल्लक पॉइंट्सची रुपयांतील किंमत आणि लवकरात लवकर संपणाऱ्या पॉइंट्सची तारीख छापली जाईल, आणि ही किंमत कमी करायची असल्यास किमान तीन महिने आधी लेखी कळवले जाईल. पॉइंट्ससाठी मोबाइल क्रमांक घेतला जातो, तो कशासाठी वापरणार हेही काउंटरवर मराठीत लिहिलेले असावे. बिलासाठी क्रमांकाची सक्ती करू नये असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच व्यापारी संघटनांना कळवले होते, तरी रांगेत आजही पहिला प्रश्न क्रमांकाचाच असतो.

माझ्या ६९० रुपयांबाबत मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. ज्या वाचकांचे पॉइंट्स असेच मुदत संपून गेले असतील, त्यांनी बिले फेकून न देता तक्रार नोंदवावी, आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी या तक्रारी एकत्र करून हा विषय प्राधिकरणापुढे न्यावा, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)